आवकला न घेतलेला अर्ज

शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलावर दोन जाड नोंदवह्या असायच्या, एक आवक आणि एक जावक. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आवकला चढायचा. तारीख, क्रमांक, कोणाकडून, विषय. मग कागदाच्या कोपऱ्यात शिक्का आणि शिक्क्याच्या आत तोच क्रमांक. शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र असो की एखाद्या बापाचा फी माफीचा अर्ज, सगळ्यांना नियम एकच. १९८४ ते २०१६, बत्तीस वर्षं मी हे काम केलं. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातली माध्यमिक शाळा, वीसेक शाखा असलेल्या एका मोठ्या संस्थेची. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. जो कागद आवकला चढला नाही, तो शाळेत आलाच नाही असं धरलं जातं. नंतर कितीही छाती पिटा.

जुलै १९९७ मध्ये आलेला एक कागद मी आवकला घेतला नाही. आज त्याबद्दल लिहिते आहे.

पावसाची झड लागली होती. मधली सुट्टी संपून गेली होती आणि ऑफिसात मी आणि शिपाईमामा दोघंच होतो. एक बाई दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, पाय चिखलानं भरलेले. आत येऊ की नको अशी घुटमळत होती. मी "या" म्हटल्यावर तिनं चपला बाहेर काढल्या आणि कमरेची पिशवी सोडली. त्या पिशवीत दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी आणि तिच्यात घडी घातलेला फुलस्केप. कागद भिजू नये म्हणून केवढी काळजी घेतली होती तिनं. "पोरीच्या भावानं लिवलाय बाई. एवढा ठिवून घ्या," म्हणाली.

मी वाचला. अकरावीतल्या पोराचं वळणदार अक्षर होतं. मा. मुख्याध्यापक यांस, विषय : सरांच्या वर्तनाबाबत. खाली सहा-सात ओळी. बहीण आठवी ब मध्ये आहे, विज्ञानाचे सर तिला प्रयोगशाळेत मागे थांबवून घेतात, अंगाला हात लावतात, ती नको म्हणते, घरी सांगितलंस तर नापास करीन म्हणतात. शेवटी "तरी आपण योग्य तो न्याय द्यावा ही नम्र विनंती." अर्जाला अर्जासारखं लिहायचं हे त्याला आमच्याच शाळेनं शिकवलं होतं.

मी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला. आतून हेडसर आले. माझ्या हातातला कागद त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, हा आवकला घेऊ नका. ताईंना आधी आत पाठवा."

शिक्का माझ्या हातात होता, ओला. मी तो परत पॅडवर ठेवला.

आत काय झालं ते मला अर्धंमुर्धं ऐकू आलं, कारण मध्ये फक्त प्लायवुडचं पार्टिशन होतं. थोड्या वेळानं संस्थेचे सचिव आले, कोणीतरी फोन केला असणार. आवाज एकदाही चढला नाही. आज मागे वळून बघताना मला तेच सगळ्यात जास्त टोचतं. कोणी त्या बाईला हाकललं नाही, कोणी खोटारडी म्हटलं नाही. सगळे तिच्याशी माहेरच्या माणसासारखं बोलत होते. पहिला प्रश्न होता, "हे अजून कुणाला सांगितलंय का?" दुसरा, "भावकीत कुणाला माहीत आहे?" मग मुलीचं पुढं लग्न व्हायचंय, पोलिसांत गेलात तर कोर्टात पोरीला उभं करतील, नको नको ते विचारतील, आम्ही बघतो काय करायचं ते. पाऊण तास हे चाललं होतं. मुलगी कशी आहे, जेवते का, झोपते का, एवढं एकदाही कोणी विचारलं नाही.

शिपाईमामा चहा घेऊन गेले होते. कप परत आले तेव्हा तीन रिकामे होते. चौथा भरलेला, वर साय धरलेली.

दोन दिवसांनी सचिवांच्या सहीनं आदेश आला आणि तो टाईप मीच केला. विज्ञान शिक्षकांची बदली डोंगराकडच्या शाखेत, "प्रशासकीय सोयीसाठी". त्याला जावक क्रमांक पडला. त्यांचा कार्यमुक्तीचा अहवाल निघाला, त्यालाही क्रमांक पडला. त्या शाखेला मुलींचं वसतिगृह जोडलेलं होतं. मला ते माहीत होतं आणि आदेश काढणाऱ्यांनाही माहीत होतं. आपल्याकडे शिक्षण संस्थांमध्ये बदली ही शिक्षा समजली जाते. ज्याची बदली होते त्याला चार दिवस त्रास होतो म्हणून ती शिक्षा. तो जिथे जातो तिथल्या पोरींना तो आदेश कोणी वाचून दाखवत नाही.

आठवड्याभरात ती आई परत आली, दाखला न्यायला. दाखला लिहायचं कामही माझंच. ज्यांनी शाळेच्या ऑफिसात काम केलंय त्यांना तो छापील नमुना पाठ असतो. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. शाळा सोडल्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. मी हे तिन्ही रकाने भरले, जनरल रजिस्टरला नोंद केली, दाखला तिच्या हातात दिला. तिनं अंगठा उमटवला आणि कापडाच्या चिंधीनं तो पुसत पुसत गेली.

तेव्हा लहान मुलांसाठी वेगळा कायदा नव्हता, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण भारतीय दंड संहिता होतीच. विनयभंगाचं कलम ३५४ होतं. आणि शेजारच्या गोव्यात त्याच सुमारास काय घडलं होतं ते वर्तमानपत्रांत आलेलं होतं. मडगावला फातोर्ड्यात निराधार मुलांसाठी घर चालवणारा फ्रेडी पीट्स त्याच मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. समाजसेवक म्हणून मान असलेल्या माणसाला. गोव्यानं पुढे २००३ मध्ये मुलांसाठी स्वतःचा कायदाही केला. करायचं म्हटलं असतं तर करता आलं असतं.

संस्था असं का करतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लोक म्हणतात दुर्लक्ष झालं, हलगर्जीपणा झाला. मला ते शब्द पटत नाहीत. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणाचंही दुर्लक्ष नव्हतं. सगळ्यांचं अगदी पूर्ण लक्ष होतं. फोन झाले, माणसं गाडी काढून आली, आदेश निघाला. एरवी एखाद्या शिक्षकाची वेतननिश्चिती सहा-सहा महिने पडून राहते, पण हे काम दोन दिवसांत झालं. फक्त जी गोष्ट घडली होती तिचं नाव कुठल्याही कागदावर येणार नाही, याची काळजी सगळ्यांनी मिळून घेतली. आणि ती घेताना सगळे मनापासून म्हणत होते की हे पोरीच्या भल्यासाठी आहे.

माझी थोरली मावसबहीण मुंबईत नर्स होती. १९७३ च्या नोव्हेंबरात परळच्या केईएम रुग्णालयात तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तेव्हा ती दुसऱ्या रुग्णालयात ट्रेनिंगला होती. २७ नोव्हेंबर ही तारीख तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे की माझ्याही लक्षात राहिली. त्याच रुग्णालयातल्या सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं त्यांचा गळा आवळला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. तिथल्याच वॉर्डात बेचाळीस वर्षं पडून होत्या. १८ मे २०१५ ला गेल्या. नर्सेसनी त्यांना पोटच्या पोरीसारखं सांभाळलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण बहीण दरवेळी वेगळीच गोष्ट सांगायची. त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता, तो मात्र खटल्यात आलाच नाही. खटला चालला जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. त्यांचं लग्न ठरलेलं होतं, बदनामी नको, असं कारण सांगितलं जातं. त्या माणसाला सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगून तो बाहेर पडला. बहीण म्हणायची, "कानातलं न् घड्याळ गेलं ते लिहिलं गं कागदावर. तिच्यावर काय झालं ते नाही लिहिलं." ती स्वतः आता नाही. तिचं हे वाक्य मला दाखल्याचे रकाने आठवले की ऐकू येतं.

२०१३ नंतर आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक फलक लागला, "अंतर्गत तक्रार समिती". त्यावर पाच नावं होती आणि तिसरं माझं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. रंगाऱ्यानं नाव रंगवलं तेव्हाच मला कळलं की मी सदस्य आहे. निवृत्त होईपर्यंत त्या समितीची एकही बैठक झाली नाही. दरवर्षी वरून तक्ता यायचा. प्राप्त तक्रारी, निकाली काढलेल्या तक्रारी, प्रलंबित तक्रारी. तिन्ही रकान्यांत मी एकच शब्द लिहायचे, "निरंक". सरकारी भाषेत याचा अर्थ काही नाही, शून्य. वर पाठवलं की ते समाधानानं फाईलला लावलं जायचं. गोवा विद्यापीठातल्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये या समित्यांच्या अवस्थेवर फार कडक शब्दांत लिहिलं. महिला कुस्तीगीर तेव्हा दिल्लीत रस्त्यावर बसल्या होत्या. देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा संघटनांपैकी १६ संघटनांत ही समितीच नाही, अशी वर्तमानपत्रातली बातमी न्यायालयानं निकालात घेतली. मी ते वाचलं तेव्हा मला उरलेल्या चौदांची काळजी वाटली. फलकावर नाव असणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

आणि मग २०१४. उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. तिशीची एक बाई ऑफिसात आली, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती. अंगणवाडी मदतनीसाच्या जागा निघाल्या होत्या, सातवी पास चालत होतं. मूळ दाखला २००५ च्या महापुरात घरासकट गेला, म्हणाली. तिनं प्रतिज्ञापत्र आणलं होतं, अर्ज नीट लिहिलेला होता. नाव वाचलं आणि माझे हात गार पडले. तिनं मला ओळखलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

कपाटावरून जुनं जनरल रजिस्टर काढलं. धूळ झाडली. माझंच अक्षर, निळी शाई फिकट झालेली. तिला नोंद दाखवणं भाग होतं, जन्मतारीख बरोबर आहे का ते तपासायला. ती वाकून ओळ वाचत गेली, बोट फिरवत, जन्मतारीख, जन्मठिकाण, इयत्ता. शेवटच्या रकान्याशी बोट थांबलं.

"विनंती कोणी केली होती?" तिनं विचारलं.

मला काही बोलता आलं नाही.

"आईनं नव्हती केली," ती म्हणाली. "आई तर म्हणत होती, शाळा सोडायची नाही, दुसऱ्या तुकडीत बसवा पोरीला. सर म्हणाले दाखला घेऊन जा, त्यातच भलं आहे." मग थोडं थांबून, "दाखला नेला, पण पुढं कुठं घातलंच नाही मला. आबा म्हणाले, आता बास."

म्हणजे मी ज्या दिवशी तो दाखला लिहिला, त्या दिवशी तिचं शिक्षण संपलं. आठवी ब. मी इतकी वर्षं समजत होते की ती दुसऱ्या शाळेत गेली असेल, दहावी झाली असेल. समजत होते कारण ते समजणं मला सोयीचं होतं.

मी दुय्यम प्रत लिहायला घेतली. वर लाल शाईनं "दुय्यम प्रत" लिहिलं. कारणाच्या रकान्यात रजिस्टरप्रमाणेच लिहावं लागतं, बदल करायचा अधिकार मला नव्हता. मी तेच दोन शब्द दुसऱ्यांदा लिहिले, तिच्यासमोर. तेवढ्यात तिनं विचारलं की दादानं लिहिलेला तो अर्ज अजून आहे का इथं. मी नाही म्हणाले. "त्यानं दोनदा लिहिला होता," ती म्हणाली. "पहिल्यावर शाई सांडली म्हणून फाडून परत." तिची मुलगी टेबलाखाली वाकून पंच मशीनमधून पडलेल्या कागदाच्या टिकल्या गोळा करत होती.

मी माफी मागितली. ऑफिसात, शिपायासमोर. ती म्हणाली, "तुमचं काय चालणार होतं बाई." हे ती मला दिलासा म्हणून म्हणाली, हे मला माहीत आहे. पण ते खरं नाही. माझं चाललं असतं. शिक्का माझ्या हातात होता. एकदा क्रमांक पडला असता की तो कागद फाडायला कोणाला तरी रजिस्टरमध्ये खाडाखोड करावी लागली असती, आणि खाडाखोड दिसते. एवढं एकच काम माझ्या अखत्यारीतलं होतं आणि तेच मी केलं नाही. ते शिक्षक त्याच्या आधीच निवृत्त झाले होते, शाल-श्रीफळ घेऊन. पेन्शनच्या कागदांसाठी त्यांचं सेवापुस्तक माझ्याकडून गेलं होतं. त्यात कुठेही लाल शाई नव्हती. डोंगराकडच्या शाखेत काय झालं ते विचारायचं धाडस मी तिथल्या लिपिकबाईंपाशी एकदाच केलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं तर अर्जसुद्धा आला नाही कधी," आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची बातमी आली तेव्हा मी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. चार वर्षांच्या दोन मुली, शाळेतच, आणि करणारा शाळेनं कंत्राटावर घेतलेला सफाई कामगार. १६ ऑगस्टला आई-बाप पोलीस ठाण्यात गेले तर गुन्हा नोंदवायला त्यांना जवळजवळ बारा तास बसवून ठेवलं. २० तारखेला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, लोकलगाड्या तासन्‌तास बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळेला कळूनही शाळेनं पोलिसांना का कळवलं नाही, हे विचारलं. मी टीव्हीसमोर बसून होते. सगळे रेल्वे स्टेशन दाखवत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या पोलीस ठाण्यातलं बाकडं होतं. आईच्या मांडीवर पोर, आत कुणीतरी फोनवर, आणि "जरा थांबा." तो आवाजही बहुतेक चढलेला नसेल.

आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. लोकांनी पेढे वाटले. मला तेव्हाही वाईट वाटलं, त्याच्याबद्दल नव्हे. खटला चालला असता तर त्या मुलींचं म्हणणं कोर्टाच्या कागदावर आलं असतं, खरं ठरलं असतं, शिक्क्यासकट. त्याच्यापुरतं ते आता कधीच येणार नाही.

कायदा आता हवा तितका आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षक असो, लिपिक असो, शिपाई असो. कलम २१ प्रमाणे कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडपलं तर एक वर्षापर्यंत. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, होता होईल तो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. १९९७ मध्ये त्या आईला जी भीती घातली होती, कोर्टात पोरीला उभं करतील, ती भीती घालवण्यासाठीच या कायद्यात बारीकसारीक गोष्टी लिहिल्या आहेत. शाळांमध्ये सखी सावित्री समित्या आहेत, तक्रारपेट्या आहेत. आमच्या शाळेतल्या पेटीची किल्ली माझ्या काळात हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये असायची. सरांबद्दलचा कागद सरांच्याच ड्रॉवरमधल्या किल्लीनं उघडायचा, हे कोणत्या पोरीला सुचेल?

माझ्यानंतर त्या खुर्चीवर आलेल्या मुलीला मी चार महिने काम शिकवलं. पगारबिलं, सेवापुस्तकं, शालार्थ, सगळं. आणि हा अर्जही सांगितला, अगदी चहाच्या कपासकट. ती आता दुसऱ्या एका शाळेत आहे. गेल्या महिन्यात दुपारी तिचा फोन आला. कुजबुजत बोलत होती. म्हणाली, एक वडील आलेत, समोर बसलेत, कागद माझ्या हातात आहे, आणि सर म्हणतायत जरा थांब.

मी म्हटलं, वडिलांना पाणी दे. आणि आधी शिक्का मार. तारीख टाक, वेळ टाक. एक झेरॉक्स काढून सहीशिक्क्यासह वडिलांच्या हातात दे. मग सरांना सांग की कलम १९ आहे, आज संध्याकाळपर्यंत पोलिसांना कळवायचं आहे, आणि ते नाही म्हणाले तर तू कळव. पोलिसांचा ११२ किंवा मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८. कायदा तुलाही लागू आहे.

ती म्हणाली, "बाई, माझी नोकरी नवीन आहे."

मी म्हटलं, "माहीत आहे गं. नंबर सांग मला आवकचा."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग शिक्क्याचा आवाज आला. लाकडी टेबलावर दाबलेल्या शिक्क्याचा आवाज मी कुठेही ओळखीन.

"एकशे त्रेचाळीस," ती म्हणाली.

मी उठून कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेननं लिहून ठेवलं, १४३.